किमती छापल्या, नावं राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हत्यारांच्या लिलावांवर पानभर लेख आला होता, माझ्या भावाने साताऱ्याहून त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे तुझंच खातं." लेख दोनदा वाचला. अमेरिकेचे सेनानी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल युलिसिस ग्रँट यांची रेमिंग्टन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरची जोडी २०२२ साली ५१ लाख डॉलरच्या वर गेली, शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरने बिली द किड या गाजलेल्या गुन्हेगाराला मारलं ते २०२१ मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेलं, आकडे सगळे बरोबर आहेत. पण एवढ्या लेखात एकदाही असं आलं नाही की अशा कितीतरी वस्तूंवर नावं कोरलेली असतात, ती कोणी घातली, का घातली, आणि ज्याचं नाव आहे त्या माणसाचं पुढे काय झालं. वाचणाऱ्याला वाटणार की हा गडगंज पैसेवाल्यांचा शौक आहे, संपला विषय. तसं नाहीये, म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा असेल तेवढं छापा, पण शेवटचा घंगाळाचा भाग कृपया कापू नका, तो कामाचा आहे.

आधी माझं सांगते. मी मूळची साताऱ्याची, गेली २२ वर्षं अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात रॉकी हिल या गावात राहते, नवरा-बायको दोघंही हार्टफर्डच्या विमा कंपन्यांमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला. हार्टफर्ड म्हणजे रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या सॅम्युअल कोल्टचं गाव. हायवेवरून जाताना त्याच्या कारखान्याचा निळा कांद्यासारखा घुमट दिसतो, त्यावर सोनेरी ठिपके, मी रोज ऑफिसला जाताना बघायचे आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं हे कुठलंतरी चर्च असणार. हत्यारांशी माझा काही संबंध नव्हता. संबंध होता तो नाव घालण्याशी.

वडिलांचं साताऱ्यात भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारे एक काका बसायचे, मांडीवर पोतं, त्यावर कळशी आडवी, एका हातात बारीक छिन्नी आणि दुसऱ्यात छोटी हातोडी, टिक टिक टिक करत टिंबाटिंबांनी अक्षर उमटायचं. लग्नसराईत रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत तो आवाज चालू. गिऱ्हाईकाने मजकूर कागदावर लिहून द्यायचा, काका एक वेलांटी इकडची तिकडे करायचे नाहीत, कागदावर चूक असेल तर भांड्यावर पण चूक. "चि. सौ. कां. अमुक हिस मावशीकडून सप्रेम भेट" आणि खाली तारीख. पुढे विजेवर चालणारं मशीन आलं, घर्रर्र करून पाच मिनिटात नाव, पण त्या अक्षरांना खोली नसायची, चार वर्षं घासली की गेली. मी शाळेतून आले की काकांजवळ बसायचे आणि बघून बघून मला एवढं कळायला लागलं की हे अक्षर छिन्नीचं, हे मशीनचं, हे नवीन, हे जुनं, हे काकांचं, हे दुसऱ्या कोणाचं.

तर २००९ साली आमच्या शेजारच्या गावात एक म्हातारे गृहस्थ वारले आणि त्यांच्या घरातल्या सामानाचा सेल होता. इकडे असं घर उघडून सगळं विकायला ठेवतात, चमच्यापासून कपाटापर्यंत. मी काचेचे बाऊल बघायला गेले होते. एका टेबलावर कापडात एक छोटं जुनं रिव्हॉल्व्हर होतं आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर पितळ उघडं पडलेलं, चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखं, आणि त्यावर अक्षरं. मी हत्यार आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं ते ती अक्षरं वाचायला.

ते कोल्टचं १८४९ चं पॉकेट मॉडेल. ही तीन लाखांच्या वर बनली, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. पाच गोळ्यांचं, प्रत्येक भोकात पुढून दारू भरायची, शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या टोकावर तांब्याची टोपी बसवायची, घोडा त्या टोपीवर आपटला की बार. सिलिंडरवर घोडागाडी लुटायला आलेल्या दरोडेखोरांचं चित्र गोल फिरतं. नळीवर पत्ता न्यूयॉर्कचा, पण बनलं हार्टफर्डमध्येच. मूठ अक्रोडाच्या लाकडाची आणि तिला धरून ठेवणारी जी पट्टी आहे, तिला बॅकस्ट्रॅप म्हणतात, ती पितळेची आणि वर चांदीचा मुलामा. कोणीतरी हौसेने पॉलिश लावून लावून मुलामा घालवला होता आणि त्याबरोबर अर्धं नाव. वाचता येत होतं ते एवढंच, लेफ्ट. म्हणजे लेफ्टनंट, मग आडनावाची शेवटची तीन अक्षरं, मग "शॉपमेट्सकडून", मग "१६ सी. व्ही." आणि ऑगस्ट १८६२. किंमत ९०० डॉलर. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला घरात बंदूक आणायची? मी म्हटलं बंदूक नाही, सप्रेम भेट आहे.

आता हे सप्रेम भेट प्रकरण काय ते सांगते कारण लेखात हेच नव्हतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये यादवी युद्ध झालं. पलटणी गावागावातून उभ्या राहिल्या, एका कंपनीत सगळे एकाच पंचक्रोशीतले, शाळेपासूनचे ओळखीचे. साध्या शिपायाला बंदूक सरकारकडून मिळायची पण अधिकाऱ्याला तलवार, पिस्तूल, गणवेश सगळं स्वतःच्या पैशाने घ्यावं लागायचं. आणि अधिकारी म्हणजे कोण, कालपर्यंत शाळामास्तर, दुकानातला कारकून, सुतार. त्याच्याकडे एवढे पैसे कुठले. मग गावाने वर्गणी काढायची. चर्चमधले, कारखान्यातले, अग्निशमन दलातले मित्र, प्रत्येकाने थोडं थोडं घालायचं आणि तलवार, कमरेचा शेला, रिव्हॉल्व्हर असं काय जमेल ते घ्यायचं, सोनाराकडे किंवा कोरीव काम करणाऱ्याकडे देऊन नाव घालायचं, संध्याकाळी हॉलमध्ये छोटा समारंभ, दोन भाषणं, आणि दोन दिवसांनी गावच्या पेपरात चार ओळी. अगदी आपल्याकडे मास्तरांच्या निरोप समारंभाला घड्याळ देतात तसं. फरक एवढाच की हा माणूस परत येईल का ते कोणालाच माहीत नसायचं, आणि तो कदाचित येणार नाही एवढं देणाऱ्या सगळ्यांना माहीत असायचं.

दुसरा एक प्रकार आहे तो कंपनीने दिलेल्या भेटीचा. सॅम्युअल कोल्ट स्वतः ह्यात फार पुढे होता. रशियाच्या झारला, तुर्कस्तानच्या सुलतानाला त्याने सोन्याची नक्षी केलेली रिव्हॉल्व्हरं दिली, आणि देशातल्या अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना "कर्नल कोल्ट यांच्या शुभेच्छांसह" असं कोरलेली. कर्नल ही पदवी त्याला कनेक्टिकटच्या गव्हर्नरने दिलेली, लढाईतली नाही. १८५४ साली त्याच्या पेटंटची मुदत वाढवून देण्याच्या वेळी ह्या भेटींवरून संसदेत चौकशी समिती बसली होती. लिलावात कोल्टने दिलेली ही रिव्हॉल्व्हरं फार महाग जातात, त्यांची नक्षी खरोखर बघत राहावी अशी असते, गुस्ताव यंग नावाचा जर्मनीहून आलेला कारागीर होता, त्याच्या हाताची वेलबुट्टी बघितली की आमच्या काकांची आठवण येते. तरी मला विचाराल तर वर्गणीतून आलेलं साधं रिव्हॉल्व्हर शंभर पटीने मोलाचं. एकात धंदा आहे, दुसऱ्यात जीव आहे.

माझ्या लेफ्टनंटकडे येते. अक्षरं झिजलेली होती तरी मी त्याला कसलीही पावडर लावली नाही, काही घासलं नाही. काकांनी शिकवलेली युक्ती केली, थंडीच्या दिवसात खोलीत अंधार करायचा, टॉर्च अगदी आडवा धरायचा आणि धातूवर तोंडाने हळूच वाफ सोडायची. वाफ धरते तेव्हा क्षणभर खोल राहिलेल्या रेघा वेगळ्या दिसतात आणि लगेच जातात. तेवढ्यात फोनवर फोटो. असे चाळीसेक फोटो काढून अजून दोन अक्षरं हाती लागली, ती पण खात्रीची नाही.

सी. व्ही. म्हणजे कनेक्टिकट व्हॉलंटियर्स. १६ वी पलटण २४ ऑगस्ट १८६२ ला हार्टफर्डमध्ये भरती झाली. म्हणजे कोरलेली तारीख जुळली. एका पलटणीत १० कंपन्या, एका कंपनीत एक कॅप्टन आणि दोन लेफ्टनंट, म्हणजे सुरुवातीचे २० लेफ्टनंट आणि वर पलटणीचं कागदकाम आणि सामान बघणारे दोघं, अ‍ॅडज्युटंट आणि क्वार्टरमास्टर, धरले तर २२. राज्याने १८८९ साली सगळ्या सैनिकांची जाडजूड यादी छापलीये, ती लायब्ररीत उघडून बसले. शेवटची तीन अक्षरं जुळणारे तीनच जण निघाले. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं आणि पुढे ते सोपं राहिलंही नाही.

१८६० च्या जनगणनेत तिघांना शोधलं. जनगणनेचे कागद आता घरी बसून बघता येतात, हाताने लिहिलेले, प्रत्येकाचं वय, धंदा, घरात कोण कोण. एक शेतकरी, एक शाळामास्तर, एक मेकॅनिक. शॉपमेट म्हणजे कारखान्यात शेजारी उभं राहून काम करणारा, तेव्हा शेतकरी आणि मास्तर बाद. राहिला मेकॅनिक, वय २६, बायको, एक मुलगी दोन वर्षांची. शहराच्या डिरेक्टरीत त्याचं नाव, "मशिनिस्ट" आणि घरचा पत्ता. कारखान्याचं नाव नाही. माझं मन सांगतं की तो कोल्टच्याच कारखान्यात असणार आणि ज्यांनी ते पिस्तूल बनवलं त्यांनीच ते त्याला दिलं असणार. हार्टफर्डमध्ये तेव्हा एवढी माणसं त्या कारखान्यात होती की तसं असणं अगदी शक्य आहे. पण कागद नाही. तीन महिने शनिवारी शनिवारी मायक्रोफिल्मवर जुने पेपर चाळले, दुसऱ्यांचे समारंभ सापडले, याचा नाही. कोल्टच्या नोंदवह्या बघाव्यात तर १८६४ च्या फेब्रुवारीत कारखान्याला भयंकर आग लागली होती. त्यामुळे माझ्या फायलीत त्या ओळीपुढे मी "अंदाज" असं लिहून ठेवलंय आणि ते तसंच राहणार. ह्या छंदात जो माणूस अंदाजाला पुरावा म्हणतो तो सगळ्यांचं नुकसान करतो.

मग त्याचं पुढे काय झालं. १६ व्या पलटणीचं नशीब फार वाईट. बंदुका पहिल्यांदा भरल्या त्या लढाईच्या आदल्या दिवशी आणि लढाई कुठली, तर १७ सप्टेंबर १८६२ ची अँटिएटम, अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात रक्तबंबाळ एक दिवस, दोन्ही बाजूंचे मिळून २२ हजारांच्या वर मेलेले, जखमी, बेपत्ता. भरती होऊन महिना झाला नव्हता. मक्याच्या उंच शेतात ही पोरं शिरली, बाजूने मारा आला, काही दिसेना, पळापळ झाली. पुढे एप्रिल १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या प्लिमथला अख्खी पलटण जवळजवळ सगळी पकडली गेली आणि शिपाई दक्षिणेकडच्यांच्या अँडरसनव्हिल इथल्या कैदछावणीत गेले, तिथून कितीतरी परत आलेच नाहीत. शरण जायच्या आधी त्यांनी आपला झेंडा फाडला, तुकडे कपड्यांच्या आत लपवले, कैदेत जपले, आणि जगले वाचले त्यांनी ते तुकडे परत आणले. १८७९ साली ते एका नव्या रेशमी झेंड्यावर शिवले, तो झेंडा हार्टफर्डच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात आहे. कुणी इकडे लेकीकडे आलं तर जरूर बघा, कोल्टच्या कारखान्याचा स्वतःचा संग्रह पण त्याच रस्त्यापलीकडच्या म्युझियममध्ये आहे.

मला प्रश्न पडला होता की हा पण प्लिमथला पकडला गेला असेल तर त्याचं पिस्तूल शत्रूने घेतलं असतं, मग ते परत हार्टफर्डच्या आसपासच कसं राहिलं? उत्तर वॉशिंग्टनला मिळालं. नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्या काळच्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली आहेत, मागितली की आणून देतात, पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची. फाईलमधला प्रत्येक कागद तीन घड्या घातलेला, दीडशे वर्षं तसाच, उलगडताना बारीक कर्र असा आवाज येतो आणि हात थरथरतो. डॉक्टरची प्रतिज्ञापत्रं, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. अँटिएटम नंतरच्या थंडीत तंबूत त्याला ताप आणि जुलाब लागले ते थांबेनात, जानेवारी १८६३ मध्ये राजीनामा देऊन घरी आला. पुढची सगळी वर्षं तोच आजार, कारखान्यात पूर्ण दिवस उभं राहता यायचं नाही. ह्या युद्धात जेवढे मेले त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश गोळीने नाही, रोगाने मेले. आपण लढाईची चित्रं बघतो, जुलाबाचं चित्र कोणी काढत नाही. हा माणूस शूर होता की नव्हता ते मला माहीत नाही, पण आजारपणात फक्त अर्धा दिवस काम करून त्याने चार मुलं वाढवली हे त्या कागदांत आहे, आणि माझ्यासाठी ते पुरे आहे.

त्याचं थडगं इथून वीस मिनिटांवर आहे. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने भाजीला जात होते. दगडाजवळ लोखंडी चांदणीचा खांब, यादवी युद्धातल्या सैनिकांच्या संघटनेची ती खूण, मे महिन्यात त्यात छोटा झेंडा लावतात. खापरपणती ओहायोत सापडली, तिला पत्र लिहिलं, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स पाठवल्या, ती फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली आमच्या घरात फक्त एवढंच माहीत होतं की आजोबांचे आजोबा आजारी असायचे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे म्हणून इथे देत नाही.

ह्यानंतर मी आजपर्यंत फक्त सहा घेतली. त्यात एकदा फसले ते पण सांगायला हवं कारण नवीन माणूस इथेच फसतो. १८६० चं कोल्ट आर्मी मॉडेल, मोठं, ४४ बोअरचं, बॅकस्ट्रॅपवर झोकदार अक्षरात एका कॅप्टनचं नाव, पलटण, तारीख जुलै १८६२. विकणारा गोड बोलणारा. नाव यादीत बघितलं, होतं. पलटण बघितली, बरोबर. मी एवढी खूश झाले की जे पहिल्यांदा करायचं ते केलंच नाही. घरी आणून भिंगाखाली धरलं तेव्हा कळलं. ह्या मॉडेलचा बॅकस्ट्रॅप पोलादाचा असतो, त्याला गंज लागून बारीक खड्डे पडलेले होते. खरं जुनं नाव असेल तर गंजाचा खड्डा अक्षराला खातो, रेघ मध्ये तुटते. इथे रेघ खड्ड्यात उतरून दुसऱ्या बाजूने वर येत होती, म्हणजे गंज आधी आणि नाव नंतर. अक्षराच्या कडा बोटाला लागत होत्या, दीडशे वर्षं हाताळलेल्या अक्षराची कड कधी बोटाला लागत नाही. मग नंबर बघितला तर तो १८६३ च्या शेवटचा, म्हणजे भेट आधी आणि पिस्तूल नंतर बनलं. खऱ्या कॅप्टनचं नाव यादीतून उचललेलं. पैसे परत मिळाले नाहीत. ते मी विकलं नाही आणि विकणार पण नाही, पेटीत आत कागद लावून ठेवलाय, "नाव खोटं आहे, नंतर घातलेलं", म्हणजे माझ्यानंतर कोणी फसायला नको. मला राग पैशाचा नाही आला. त्या कॅप्टनचा आला, म्हणजे त्याच्यासाठी आला. मेलेल्या माणसाचं नाव कोणीही उचलायचं आणि लोखंडावर घालून विकायचं, ही चोरीच.

जे घेणार असतील त्यांनी एवढं तरी करावं, नळी, सांगाडा, चापाची पट्टी, मूठ सगळीकडचे नंबर एकच आहेत का बघावं, नंबरावरून बनल्याचं साल काढावं, ते कोरलेल्या तारखेच्या आधीचं आहे का बघावं, त्या तारखेला त्या माणसाचा हुद्दा तोच होता का, ती पलटण तेव्हा होती का हे बघावं, आणि ही सगळी बघणी पैसे देण्याच्या आधी करावी. कंपनीच्या पत्रावर फार विसंबू नये. स्मिथ अँड वेसन या रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या वह्यांवरून पत्र मिळतं पण त्यात बहुतेक वेळा कुठल्या व्यापाऱ्याला खोक्यातून किती गेली एवढंच असतं, ज्याने वर्गणी काढली त्याचं नाव तिथे कसं असणार.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही हो. २०२४ च्या जुलैत आमच्या साताऱ्यात वाघनखं आली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून आले होते, रांगेत उभी राहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती आली होती. त्यांच्याबरोबर जी पेटी आहे ती जेम्स ग्रँट डफ स्कॉटलंडला परत गेल्यावर बनवलेली आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर आहे, की ही शिवाजीची वाघनखं आणि ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती त्याला दिली. म्युझियम स्वतः सांगतं की ही तीच वाघनखं अशी खात्री करता आलेली नाही. यावर आपल्याकडे केवढी भांडणं झाली. हात जोडताना माझ्या मनात काही कमी झालं नाही, पण कोरलेला किंवा लिहिलेला मजकूर म्हणजे कोणीतरी कधीतरी केलेलं म्हणणं असतं, ते कोणी आणि केव्हा केलं हे विचारणं म्हणजे अपमान नाही. माझ्या मशिनिस्टला लावते तोच नियम मी सगळीकडे लावते.

मला हमखास विचारतात की एवढ्या गोळीबाराच्या बातम्या येत असताना तुम्ही घरात बंदुका कशा ठेवता. प्रश्न योग्य आहे. डिसेंबर २०१२ मध्ये इथून तासाभरावरच्या न्यूटाऊनला शाळेत २० लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्यानंतर मी कित्येक महिने ती पेटी उघडली नाही. सगळं म्युझियमला देऊन टाकावं असं पण वाटलं. कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली ही हत्यारं इथे अँटिक धरतात, पण कायदा एक आणि मन एक. शेवटी मी ठरवलं की ठेवायची ती कुलपात, दारू-गोळी-टोपी काही घरात नाही, एकही कधी उडवलेलं नाही आणि उडवणार नाही, आणि मी गेल्यावर सगळी हार्टफर्डमध्ये संशोधनाच्या फायलींसकट म्युझियमकडे जातील, एकेक करून विकायची नाहीत, असं मृत्युपत्रात आहे. भारतात आणायचा तर प्रश्नच नाही.

अजून एक गोष्ट ह्या छंदाने शिकवली, नाव कोणाचं राहतं ती. भेट अधिकाऱ्याला मिळायची, शिपायाला नाही. कनेक्टिकटची २९ वी पलटण काळ्या सैनिकांची होती, तिचे अधिकारी मात्र गोरे. म्हणजे कोरलेलं नाव सापडलं तरी ते गोऱ्याचंच सापडणार, आणि गुलामगिरी संपावी म्हणून ज्यांनी जीव टाकला त्या शिपायांचं नाव फक्त पेन्शनच्या फायलीत, तीन घड्यांत. म्हणून मी आता पिस्तूल नसलेल्यांच्या फायली पण काढते.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे नाव बायकांचं पण राहायचं, भांड्यावर. घराच्या कागदावर नसेल, सातबाऱ्यावर नसेल, पण हंड्यावर असायचं. मी लहान असताना स्टीलची लाट आली आणि लोक पितळ-तांबं मोडीत द्यायला लागले. दुकानात मोड यायची पोत्यांनी. वडील वजन करायचे, बदल्यात स्टीलचे डबे द्यायचे. घागरी, कळश्या, परातीवरची ती सगळी सप्रेम भेट हातोड्याने चेपून पोत्यात जायची आणि वितळायला जायची. मी वजनाची चिठ्ठी लिहायचे, किलो आणि ग्रॅम, नाव नाही. माझ्या स्वतःच्या आजीचा माहेरच्या नावाचा हंडा असाच गेला, आईने दिला, वडिलांनी घेतला, मी चिठ्ठी लिहिली. आज आजीचं माहेरचं नाव आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. तिकडच्या एका मशिनिस्टच्या बायकोचं माहेरचं नाव मला माहीत आहे आणि सख्ख्या आजीचं नाही, हे मनातून जात नाही.

म्हणून वाचकांना विनंती, घरातलं जुनं भांडं देणार असाल तर द्या, जागा नसते मी समजू शकते, पण द्यायच्या आधी आडव्या उजेडात नावाचा फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा ही कोण. मोडवाल्यांनाही विनंती, चेपायच्या आधी एक फोटो.

आता घंगाळाचं. गेल्या दिवाळीत साताऱ्यात एका भंगारवाल्याकडे मला तांब्याचं घंगाळ मिळालं, दोन कड्यांचं, एका बाजूला मोठा पोचा. काठावर छिन्नीने घातलेला मजकूर आहे, नावाचा पहिला भाग पोच्यात गेलाय, राहिलंय ते असं, "...ताई हिस मामाकडून सप्रेम भेट, शके १८५१, कोरेगाव." शके १८५१ म्हणजे १९२९-३० साल. पोचा मी काढून घेतलेला नाही, ठोकलं तर उरलेली अक्षरं जातील. 'ताई'च्या आधी दोन किंवा तीन अक्षरं मावतील एवढी जागा आहे, त्यातल्या एकाला वर वेलांटी असावी असं वाफ सोडल्यावर दिसतं. घंगाळ भावाच्या घरी ठेवलंय. कोरेगावकडच्या कोणाच्या पणजीला, आजीला त्या साली लग्नात मामाने घंगाळ दिल्याचं घरात बोललं जात असेल तर कृपया संपादकांकडे कळवावं, माझा पत्ता त्यांच्याकडे आहे. खात्री पटली की घंगाळ त्या घरी पोचतं करीन, पैसे नकोत.

आपली,
एक वाचक
रॉकी हिल, कनेक्टिकट (मूळ सातारा)